कानातला रातकिडा

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, अशी संपादकांची दर वर्षी आज्ञा असते. खुसखुशीत हा शब्द ते चकलीला लावतात तसाच लेखालाही लावतात. चकली बिघडली तर ती घरातल्या घरात संपवता येते, लेखाचे तसे नसते, हे त्यांना कोणी सांगावे? ह्या सदरात मी वर्षभर शब्दांच्या व्युत्पत्तीपासून लोकलमधल्या चौथ्या सीटपर्यंत वाटेल त्या विषयावर लिहीत असतो. यंदा विषय आपल्या पायांनी चालत आला. पाय सहा होते, असे निदान पहिल्या रात्री तरी मला वाटले.

श्रावणातली गोष्ट. मध्यरात्री छताचा पंखा एकाएकी बंद पडला. पंख्याची घरघर थांबली आणि खोलीत रातकिडा किरकिरू लागला. आम्ही राहतो लालबागला, चौदाव्या मजल्यावर. पूर्वी तिथे आमची तीन मजली चाळ होती. पुनर्विकासात ती जाऊन तिच्या जागी हा मनोरा उभा राहिला. चाळीत रातकिडे, झुरळे, उंदीर हे सगळे भाडे न देणारे बिऱ्हाडकरू होते. पण चौदा मजले चढून येणारा रातकिडा म्हणजे कमालच! मी टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलो. मग कपाटामागे पाहिले, तुळशीची कुंडी हलवली. आवाज कुठे जवळ येईना की लांब जाईना. गॅलरीत गेलो, तर स्वारी माझ्याबरोबर गॅलरीत. मोरीत गेलो, तर मोरीतही हजर.

सौ. जागी झाली. "काय शोधताय?"

"रातकिडा. ऐकू येत नाही तुला?"

तिने मान कलती करून ऐकले. तिचे माहेर गिरगावचे. वाडीतल्या शेजाऱ्यांचे भिंतीपलीकडचे भांडण शब्दन् शब्द ऐकण्याचा तिला लहानपणापासूनचा सराव. तिच्या कानांवर अविश्वास दाखवणे शक्यच नव्हते. "मला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि कूस वळवता वळवता पुढे म्हणाली, "तुमच्या कानातच असेल तो."

बायका रागाच्या भरात खरे बोलून जातात. दुसऱ्या दिवशी कॉलेजातही तो होता, दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत लपला होता आणि रात्री दिवे मालवताच पुन्हा आपला हजर!

मराठीच्या प्राध्यापकाला कोणताही रोग झाला की तो आधी पुस्तक काढतो. मी एम. ए. च्या वर्गाला संतवाङ्मय शिकवतो. योगमार्गातला अनाहत नाद समजावून सांगताना मी दर वर्षी घंटा, शंख, वीणा, भुंगा अशी यादी फळ्यावर लिहीत आलो आहे. तेव्हा क्षणभर असेही वाटून गेले की, न जाणो, आपण काही न करताच पोचलो की काय! पण सुश्रुतसंहितेने पाय जमिनीवर आणले. तिच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद हा स्वतंत्र रोग आहे. बाहेर कसलाही आवाज नसताना भेरी, मृदंग, शंख ह्यांच्यासारखे नाद ऐकू येणे, हे त्याचे लक्षण. बाधिर्य, म्हणजे बहिरेपणा, त्याच यादीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यानेही दोघांना एकाच घरात बसवले होते. माझ्या वाट्याला मात्र मृदंग आला नाही, शंख आला नाही. आला तो रातकिडा. ज्याचे त्याचे नशीब!

दादरच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "काय करता?"

"कॉलेजात शिकवतो."

"म्हणजे आवाज तुम्ही करता, सोसतात दुसरे. तारुण्यात काही उद्योग?"

मी खाली मान घालून सांगितले की, आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत मी दहा वर्षे ताशा वाजवला आहे. आगमनाला, विसर्जनाला, आणि त्याआधी महिनाभर सरावाला. अलीकडे आवाजाच्या भिंती आल्या, त्यांच्यापुढेही हौसेने उभा राहिलो आहे. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी मला एका काचेच्या खोलीत बसवले, कानांना फोन लावले, हातात एक बटण दिले आणि आवाज ऐकू आला की दाबायला सांगितले. पाऊण तासाने आलेख हाती आला. रेघ सरळ जात जात ४००० कंपनांपाशी खड्ड्यात उतरली होती आणि पुढे पुन्हा वर आली होती. खड्डा दोन्ही कानांत, अगदी जोडीने. मुंबईकराला खड्ड्याचे काय कौतुक? पण हा बुजणारा नव्हता. "आवाजाने पडलेला खड्डा असाच दिसतो," डॉक्टर म्हणाले. "आणि रातकिडा त्या खड्ड्यातच राहतो."

संध्याकाळी घरी आलो. आमचे तीर्थरूप, म्हणजे आबा, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. वय ऐंशी. पन्नाशीपासून त्यांना कमी ऐकू येते, आणि आम्ही त्यांच्याशी नेहमी चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि ओरडून सगळी हकीकत सांगितली. ते नेहमीप्रमाणे माझ्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत होते. ऐकून झाल्यावर शांतपणे म्हणाले,

"किर्र करतो तो? तो माझ्या कानात चौसष्ट सालापासून आहे."

मी चाटच पडलो. "साठ वर्षं? आणि आबा, तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? साचेखात्यात सगळ्यांनाच असायचा. मला वाटलं, शांतता म्हणजे असाच आवाज असतो."

वाचकहो, मी आजवर शांततेवरचे पुष्कळ वाङ्मय वाचले आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढले आहेत. ह्या वाक्याने मात्र मला गप्प केले.

आबा १९६३ साली, अठराव्या वर्षी, रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून मुंबईला आले आणि बदली कामगार म्हणून एका कापडगिरणीत लागले. पुढे कायम झाले, साचेवाला म्हणजे विणकर झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि परत आत गेले नाहीत. पुढे एका इमारतीवर पहारेकरी झाले. मी तेव्हा तीन वर्षांचा. म्हणजे बापाला साच्यावर उभा असलेला मी कधी पाहिलाच नाही. माझ्या आठवणीतला बाप खाकी कपड्यांतला आणि कमी ऐकणारा.

गिरण्यांचा भोंगा, पाळ्या, खाणावळी, भजनी मंडळे ह्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. साच्याच्या आवाजावर फारसे नाही. जुना साचा म्हणजे काय? लाकडी धोटा मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा ह्या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी फटका मारून परतवला जातो. असे शेकडो साचे एका छपराखाली, आणि दोन साच्यांमध्ये जेमतेम एका माणसाला उभे राहण्यापुरती जागा. स्कॉटलंडमध्ये डंडी येथील तागाच्या गिरण्यांतल्या विणकरणींच्या कानांची तपासणी शास्त्रज्ञांनी केली आणि ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. साचेखात्यातला आवाज १०० डेसिबेलच्या आसपास होता. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबेल ही मर्यादा आहे. नव्वद आणि शंभर ह्यांत दहाचाच फरक, असे समजू नका. डेसिबेलचे गणित वाण्याच्या वहीसारखे बेरजेचे नाही, चक्रवाढीचे आहे. दहा वाढले की कानावर पडणारी ध्वनीची शक्ती दहापट होते.

"कानात काही घालायला देत नसत?" मी विचारले.

"कापूस घालायचो. कापसाच्या गिरणीत कापसाला काय तोटा!" आबा हसले. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, कोरडा कापूस मनाला धीर देतो, कानाला नाही. तो घातला काय, न घातला काय, सारखेच.

मग बोलणे कसे व्हायचे? ओठांनी आणि हातांनी. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी अशीच ओठांची भाषा तयार केली होती. आपल्या साचेवाल्यांना ती कोणी शिकवली नाही, साच्यांनीच शिकवली. आणि आता मला लहानपणीचे एक कोडे सुटले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाव्हण्यारावळ्यांसकट दहा-बारा माणसे असत. त्या गर्दीत आई आणि आबा खोलीच्या दोन टोकांना बसून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून एकमेकांशी बोलत. भाडे थकले, अमक्याकडून उसने आणायचे, पोराची फी, सगळे त्या मुक्या भाषेत. आईने आबांशी कधी ओरडून बोलल्याचे मला आठवत नाही. ती गेली आणि ओरडणे सुरू झाले ते आमचे.

आता थोडे शास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

१९२० च्या दशकात बुडापेस्टच्या टेलिफोन खात्याच्या प्रयोगशाळेत गेओर्ग फॉन बेकेशी नावाचा एक तरुण काम करीत होता. त्याला काम होते टेलिफोनची यंत्रणा सुधारण्याचे. त्याच्या मनात प्रश्न आला की, तारेच्या शेवटी जो माणसाचा कान असतो, तो स्वतः किती चांगले यंत्र आहे? टेलिफोन राहिला बाजूला आणि हा गृहस्थ आयुष्यभर कानातच रमला. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे, त्यांच्यापलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. बेकेशीने मृतांच्या कानांतून ह्या नळ्या बाहेर काढल्या, आतल्या पडद्यावर धातूची बारीक पूड टाकली, आणि उघडझाप करणाऱ्या दिव्याखाली, सूक्ष्मदर्शकातून, आवाजाने त्या पडद्याचे काय होते ते पाहिले.

त्याला दिसली एक लाट. चाळीच्या गॅलरीत ओले लुगडे वाळत घालण्यापूर्वी बायका ते एका टोकाला धरून झटकतात, तेव्हा जशी लाट पळत जाते तशी. उंच स्वरांची लाट दाराशीच उसळून विरते. खर्जाची लाट शेवटच्या वेढ्यापर्यंत जाते. म्हणजे शंखाच्या आत सुरांची आळी वसलेली आहे, प्रत्येक सुराचे घर ठरलेले. ह्या शोधाबद्दल बेकेशीला १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या साली आमचे आबा गावी गुरे राखत होते.

त्या पडद्यावर ओळीने पेशी उभ्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर केसांसारखे तुरे. लाट आली की तुरे वाकतात आणि पेशी मेंदूकडे निरोप धाडते. एका कानात अशा पेशी सुमारे १५ हजार. आमच्या एका कॉलेजात याहून फार कमी विद्यार्थी नसतील! एवढ्या भांडवलावर माणसाने जन्मभर ऐकायचे. कारण गेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गंमत पाहा, पक्ष्यांत ती उगवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या संशोधकांना असे आढळले की, आवाजाने वा औषधाने मेलेल्या पेशी कोंबडीच्या पिलात काही दिवसांनी नव्याने येतात. म्हणजे गिरणीच्या छपरावर बसणाऱ्या कबुतराचा कान सावरू शकतो. छपराखालच्या माणसाचा नाही. ही युक्ती पक्ष्यांकडून शिकावी म्हणून आज जगभर प्रयोग चालले आहेत.

मोठ्या आवाजाने आधी बळी पडतात त्या ४००० कंपनांच्या आसपासच्या पेशी. कानाच्या बाहेरच्या नळीचा आकारच असा आहे की ३००० च्या आसपासचे आवाज ती आणखी फुगवून आत सोडते, आणि मार बसतो तो थोडा त्याच्या वरच्या पट्टीला. इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. कारण आपल्या भाषेतली स, श, फ, थ, ट ही मंडळी ह्याच उंच पट्टीत राहतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या मजल्यांवर. म्हणजे साचेवाल्याचे पहिल्यांदा जाते ते व्यंजन. स्वर मागे राहतात. "सात", "हात" आणि "भात" ह्या तिन्हींतला "आ" त्याला ऐकू येतो. ऐकू येते, पण कळत नाही. आणि आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठा होतो, व्यंजन जिथल्या तिथे. चाळीस वर्षे मी बापाला "आ" ऐकवीत आलो.

मग रातकिडा कुठला? न्यूयॉर्कमधल्या हेलर आणि बर्गमन ह्या दोघांनी १९५३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून अगदी निःशब्द खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. शेकडा ९४ जणांनी कसला ना कसला आवाज लिहून दिला. म्हणजे रातकिडा प्रत्येकाच्या घरी बेताबेताने असतोच; बाहेरच्या जगाच्या गलबल्यात तो लपलेला असतो. कानातल्या पेशी मेल्या, मेंदूकडे जाणारे निरोप कमी झाले, की मेंदू काय करतो? जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागेना म्हणजे आपण आवाज वाढवत नेतो आणि शेवटी गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसे. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला मुंग्या येतात. बहिऱ्या होत चाललेल्या कानाला नसलेला सूर ऐकू येतो. जगात दर दहा मोठ्या माणसांमागे एकाला तरी हा पाहुणा भेटलेला असतो. चेक संगीतकार स्मेतना ह्याने तर आपल्या कानातला तो उंच स्वर १८७६ सालच्या एका चतुर्वाद्य रचनेत व्हायोलिनच्या तोंडी घातला. तो कलावंत होता. आमच्या आबांनी निमूटपणे ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी कान मोकळे झाले म्हणजे सारे ठीक झाले, अशी आम्हा ताशेवाल्यांची समजूत असते. २००९ साली बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन ह्या शास्त्रज्ञांनी तीही मोडली. उंदरांना त्यांनी दोन तास मोठा आवाज ऐकवला. थोड्या दिवसांत उंदरांची श्रवणपरीक्षा पूर्वीसारखी झाली. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो, उंच सुरांच्या भागात पेशीला मज्जातंतूशी जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे तुटलेले! पेशी जागेवर, टेलिफोन जागेवर, तारा तेवढ्या कापलेल्या. नेहमीच्या आलेखात हे नुकसान दिसतही नाही.

हे सगळे वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली आणि ती मला रात्रभर बोचली. कामाच्या ठिकाणच्या आवाजाने आलेला बहिरेपणा हा भरपाई देण्याजोगा व्यवसायजन्य रोग आहे, हे आपल्या देशात १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यापासून मान्य आहे. आणि देशात अशी पहिली भरपाई कोणाला मिळाली? १९९६ साली! मध्ये ४८ वर्षे गेली. आबा गिरणीत लागले तेव्हा कायदा पंधरा वर्षांचा झाला होता. ते बाहेर पडले तेव्हा चौतीस वर्षांचा. ह्या गिरणगावातून मैल-दोन मैलांवर, नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात, श्रवणशास्त्राचे शिक्षणही १९६० च्या दशकात सुरू झाले होते. कायदा होता, शास्त्र होते, कान तपासणारे यंत्रही होते. नव्हते ते एकच: साचेखात्यात जाऊन कोणी कधी "तुम्हाला ऐकू येते का?" असे विचारले नाही. आणि विचारले असते तरी तो प्रश्न कोणाला ऐकू आला असता?

आबांना मी हे सांगितले. त्यांनी खांदे उडवले. "पगार मिळत होता ना? हाताचं बोट गेलं तर दिसतं रे. कान कुठे दिसतो जाताना?"

त्यांच्या ह्या समजूतदारपणाचा मला रागच आला. राग त्यांच्यावर की माझ्यावर, ते नीट सांगता येत नाही. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. चौथीत असताना मी वक्तृत्वस्पर्धेत पहिला आलो होतो. लोकमान्य टिळकांवर भाषण. आबा पहाऱ्याची पाळी बदलून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर मी विचारले, "आबा, भाषणातलं काय आवडलं?" ते म्हणाले, "तुझे हात छान हलत होते." त्या एका वाक्याने मी इतका हिरमुसलो की, बापाला आपल्या बोलण्याची किंमत नाही, असे मनात धरून बसलो. पुढे बोलणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा झाला. पण बोललेले आबांना सांगायला मी कधी गेलो नाही. आज कळते की सभागृहाच्या घुमणाऱ्या आवाजात, लांब उभ्या पोराच्या ओठांवरून जेवढे मिळेल तेवढे तो माणूस वेचीत होता, आणि जे खरोखर दिसले त्याचीच त्याने तारीफ केली. खोटे बोलला नाही.

भाद्रपद उजाडायच्या आत मी आबांना कान तपासायला घेऊन गेलो. जायला ते राजी नव्हते. "ऐंशीव्या वर्षी कान घेऊन काय करू?" म्हणाले. शेवटी सुनेने आवाज न करता नुसत्या ओठांनी काहीतरी सांगितले. काय ते मला अजून कळलेले नाही. पण ते उठले.

काचेच्या खोलीत त्यांच्या हातातही बटण दिले. रुग्णाने ऐकू येईल तोवर स्वतः बटण दाबून धरायचे, अशी परीक्षा १९४७ साली ह्याच बेकेशीने काढली होती. आजची पद्धत थोडी वेगळी, पण मालक रुग्णच. आबांनी बटण दाबले ते सोडेचनात. तपासणाऱ्या मुलीने दार उघडून सांगितले, "आजोबा, आवाज आला तरच दाबायचं."

"येतोच आहे, बाई!" आबा म्हणाले.

तिने हसून समजून घेतले आणि एकसुरी आवाजाऐवजी तुटक तुटक आवाज लावले, म्हणजे रातकिडा आणि यंत्र ह्यांत गल्लत होऊ नये. आलेख आला. माझा होता तो खड्डा. त्यांची ती दरी होती.

आज ह्यावर काय करता येते, हे वाचकांच्या उपयोगासाठी सांगतो. रातकिड्याला मारणारी गोळी अजून निघालेली नाही. जाहिरात करणाऱ्याला पैसे देऊ नका. पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागतात आणि पुष्कळांचा रातकिडा त्यांत बुडतो. रात्री अगदी निःशब्द खोलीत झोपण्याऐवजी पंखा चालू ठेवावा. समुपदेशनाने त्याची भीती जाते. भीती गेली की तो अर्धा होतो. यंत्रही पुरेनासे झाले तर शंखात विजेची तार बसवण्याची कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे. तिच्यासाठी नाव काढले जाते त्या डॉ. मिलिंद कीर्तने ह्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे नाते आमच्या परळच्या के. ई. एम. शी आहे. एका कानात अचानक आवाज येऊ लागला किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मात्र उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला कानात कोमट तेल ओतण्याची आजीची रीत आजीच्या आठवणीतच राहू द्या.

फटाक्यांचे मी काय सांगणार? नियमाप्रमाणे चार मीटरवर १२५ डेसिबेलहून मोठा वाजणारा फटाका विकता येत नाही. पण पोरे चार मीटर लांब कुठे असतात? डॉ. यशवंत ओक ह्यांच्यासारखी माणसे ह्या शहराच्या कानांसाठी २००३ साली उच्च न्यायालयात गेली, २०१० साली शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरले. न्यायालय बाहेरचा आवाज थांबवू शकते, आतला नाही. यंदा मंडळाच्या मिरवणुकीत पोरांनी ताशा पुढे केला तेव्हा मी रबरी बोळे कानात घालूनच गळ्यात अडकवला. पोरे हसली. मी खिशातून पुडी काढून त्यांनाही वाटली. सातांपैकी तिघांनी घातली. एवढे तरी झाले.

आबांची यंत्रे अनंत चतुर्दशीनंतर आली. दाण्याएवढी, कानामागे बसणारी. सौ.ने ती बसवून दिली. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे काय वाजतंय?" घरात तर काही वाजत नव्हते. शोधता शोधता कळले की स्वयंपाकघरात नळाचा थेंब पडत होता. तो गेले सहा महिने पडत होता आणि आम्ही चांगल्या कानांची माणसे तो ऐकत नव्हतो.

"आणि किडा?" मी विचारले.

"आहे. पण लांब गेला. गॅलरीत गेल्यासारखा."

रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी मला समोर बसवले. "ते टिळकांचं भाषण म्हण बघू."

छत्तीस वर्षांपूर्वीचे भाषण! मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सवयीने टिपेचा सूर लावला, "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग, आणि येथे जमलेल्या माझ्या..."

आबांनी हात वर केला. माझ्या लक्षात आले की ते माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे पाहत होते.

"ओरडतोस कशाला रे? हळू बोल. ऐकू येतंय."